भोंपूचे रविवार

मित्रांनो, न घाबरता जवळ बसा. मी एक म्हातारा कुत्रा आहे. तोंडात चारच दात उरले आहेत आणि तेही हलतात. डावा कान अर्धा आहे. इंदूरला अन्नपूर्णा रोडवर पाळीव प्राण्यांचे एक लहानसे दुकान आहे, त्याच्या पायरीवर मी दिवसभर पडून असतो. येणारी-जाणारी माणसे मला पाहून म्हणतात, "किती गरीब कुत्रा आहे हो!" मला बोलता आले असते तर त्यांना सांगितले असते की मी गरीब नाही. मी माझ्याच एका मित्राचा जीव घेतला आहे आणि एका लहान मुलीचा हात फाडला आहे. ते कसे घडले, ते आज तुम्हांला सांगतो.

माझा जन्म एका कापडमिलच्या भिंतीलगत, कोळशाच्या राखेच्या ढिगावर झाला. ज्या हिवाळ्यात ती मिल बंद पडली, त्याच हिवाळ्यात. आम्ही तीन भावंडे होतो. मिलच्या गेटवर मजूर धरणे धरून बसत आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळी आमच्या आईला टाकत. सकाळी सातला मिलचा भोंपू वाजायचा, तो आता मुका झाला होता. पण बरोबर त्याच वेळेला भुकेने मी केकाटायला लागायचो. मजूर म्हणायचे, "घ्या, भोंपू वाजला! चला ड्यूटीवर!" सगळे हसायचे आणि मग हसता हसता गप्प व्हायचे. तेव्हापासून माझे नाव भोंपू.

एके सकाळी मिलमधली यंत्रे न्यायला ट्रक आले. मजूर गेटसमोर आडवे झाले. मग लाठ्या चालल्या. माझे डोळे नुकते उघडले होते, आणि जगात मी पहिल्यांदा नीट पाहिले ते पळणारे पाय. आई आमच्यावर उभी राहून भुंकत होती. कुणाची तरी लाठी तिच्या पाठीवर बसली आणि ती मागच्या पायांनी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. माझी दोन्ही भावंडे गर्दीखाली गेली. एका माणसाने खाली वाकून मला उचलले आणि शर्टात टाकले. त्याच्या डोक्यावर लाठी पडणार होती, तेवढ्यात शेजारच्या माणसाने आपला हात मध्ये घातला. त्या हाताचे मनगट मोडल्याचा आवाज मी शर्टाच्या आतून ऐकला.

मला उचलणारा रत्नपाल. हात मध्ये घालणारा तुकोजी. दोघे मिलमध्ये शेजारशेजारच्या मागांवर काम करत. रत्नपालचे घराणे महूचे. त्याचे वडील आनंदराव फौजेत खेचरे आणि कुत्री सांभाळण्याच्या कामावर होते. तुकोजीचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, असे तो सांगायचा. "तुझा बाप फौजी, माझा खापरपणजोबा फौजी," तुकोजी म्हणायचा, "आणि आपण दोघं धागे जोडून राहिलो!" आता धागेही तुटले होते.

रत्नपालच्या घरी त्याची बायको धम्मदीना होती. ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि घर तिच्यावरच चालत होते. संबोधी नावाची तीन वर्षांची मुलगी होती. धम्मदीनाने मला कापसाच्या बोळ्याने दूध पाजले. संबोधी माझा कान हातात धरून झोपायची. हाच डावा कान. तेव्हा तो पूर्ण होता.

एक वर्ष रत्नपाल काम शोधत फिरला. मग आनंदराव म्हणाले, "तुला माग येतो, मला जनावर येतं. मागाला आता कुणी विचारत नाही. जनावराचं दुकान काढू." त्यांच्या ओळखीने अन्नपूर्णा रोडवर एक गाळा मिळाला. रत्नपालने तुकोजीला भागीदार केले. मोडलेले मनगट वाकडेच जुळले होते, तसल्या हाताच्या तुकोजीला दुसरे काम कोण देणार होते? दुकानात माशांच्या पेट्या आल्या, पांढरे ससे आले, रंगीत पक्ष्यांचे पिंजरे आले. बाजार तेव्हा नुकता मोकळा झाला होता, आणि कुत्र्यांचे खाणे पाकिटातून यायला लागले होते.

पण गिऱ्हाईक येईना. लोक म्हणत, ससा घ्यायचा तर राजवाड्याच्या बाजारात जाऊ, तिथे स्वस्त मिळतो. रत्नपाल पिंजरे पुसत बसायचा, तुकोजी रस्त्याकडे पाहत बसायचा.

एकदा धम्मदीना दवाखान्यातून परतताना दुकानात थांबली. म्हणाली, "अहो, लोकांना काही विकू नका आधी. त्यांना इथं यायचं कारण द्या. आमच्या दवाखान्यात रोज कुत्रा चावलेली मुलं येतात. घरच्या कुत्र्यांना सुई देणारं कुणी नाही इकडे. एक रविवार ठेवा."

आनंदरावांनी डॉक्टर अच्युत यांना गाठले. हे जनावरांचे डॉक्टर जवळच राहत. पहिल्या रविवारी दुकानासमोर एक टेबल मांडले, निळी ताडपत्री ताणली आणि एका फळीवर खडूने लिहिले : 'कुत्र्यांना रेबीजची सुई, नखे कापणे फुकट. चहा आहे.' पाच कुत्री आली. सगळ्यांनी टेबलाकडे पाहून पाय रोवले. तेव्हा आनंदरावांनी मला टेबलावर चढवले. डॉक्टरांनी मला सुई टोचली. मी हललो नाही. इंदुमतीबाई नावाच्या एक वृद्ध बाई आपल्या पांढऱ्या झिपऱ्या कुत्रीला म्हणाल्या, "बघ गं, बघ! हा कसा शहाण्यासारखा बसलाय!" त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले, की कौतुक पोळीपेक्षा गोड असते.

पुढच्या रविवारी पंधरा कुत्री आली. मग आनंदरावांनी खेळ काढला. पडद्यामागे कुत्रे भुंकायचे आणि मालकाने आपले कुत्रे आवाजावरून ओळखायचे. एक बँकेतले साहेब तिन्ही वेळा चुकले, तेव्हा त्यांची बायको भर रस्त्यात म्हणाली, "माझा पण आवाज ओळखत नाहीत हे!" रविवारची सगळी पायरी हसली. कधी माशांचे पाणी कसे बदलायचे ते रत्नपाल मुलांना दाखवायचा, कधी आजारी पक्ष्याच्या चोचीत औषध कसे घालायचे ते. कुणाच्या कुत्र्याची सुई कधी आहे ते फळीवर लिहिलेले असायचे आणि रत्नपाल आदल्या दिवशी सायकलवरून घरी जाऊन आठवण करून द्यायचा. ज्याचे जनावर मेले त्याच्या घरीही तो जायचा. तिथे तो काही विकत नसे, नुसता बसून येत असे.

मित्रांनो, माणसे अशी जोडली जातात. इंदुमतीबाई आता वाटेतली तसलीच दोन दुकाने ओलांडून आमच्याकडे यायच्या. त्यांच्या नातवाने विचारले तर म्हणायच्या, "रत्नपालजींना माझ्या लिलीचं नाव माहितीये. त्या दुकानवाल्यांना माझं पण माहीत नाही."

रविवारी नेमाने येणाऱ्यांत वासुदेव होता. तोही त्याच मिलमधला, रंगखात्यातला. आता तो पाटणीपुऱ्यात पोह्यांची गाडी लावायचा. त्याचा तपकिरी कुत्रा गाडीखाली बसायचा. शेपटीला गोल गोल वेढा, म्हणून त्याचे नाव जलेबी. जलेबी माझा मित्र होता. वासुदेव येताना कागदात थोडी शेव आणायचा आणि आम्ही दोघे एकाच कागदावर ती चाटायचो. त्यात कधी भांडण झाले नाही.

मग रस्त्याच्या पलीकडे एक मोठे दुकान उघडले. काचेचे दार, थंड हवा, परदेशी पाकिटे. रविवारची गर्दी जराशी पातळ झाली. रत्नपाल म्हणाला, "येतील परत." पण तुकोजीला दम निघेना.

"भिया, नखं कापून कुठं दुकान चालतं का?" तो रत्नपालला म्हणाला; इंदूरला भावाला 'भिया' म्हणतात. "पब्लिकला तमाशा पाहिजे. एक रविवार मला दे."

त्याने 'ताकदीचा रविवार' ठेवला. कुत्र्यांनी वाळूचे पोते ओढायचे. मिलच्या वस्त्यांमधून तगडी कुत्री घेऊन माणसे आली. दुसऱ्याच फेरीत दोन कुत्री एकमेकांवर तुटून पडली. इंदुमतीबाई किंचाळल्या, बायकांनी मुले उचलली. डॉक्टर अच्युत बादलीभर पाणी घेऊन धावले. पण मी तुकोजीकडे पाहत होतो आणि तुकोजी लोकांकडे. रस्त्यावरच्या स्कूटर थांबल्या होत्या. गच्च्यांवर माणसे चढली होती. काचेच्या दुकानातले गिऱ्हाईकसुद्धा बाहेर आले होते. कुणीही घरी जात नव्हते.

"बघितलंस?" संध्याकाळी तुकोजी रत्नपालला म्हणाला.

"हे पुन्हा नाही, तुकोजी."

"इथं नाही," तुकोजी म्हणाला.

त्या आठवड्यापासून तो मला दुपारी फिरायला नेऊ लागला. बंद मिलच्या मागे सूत साठवायचे एक मोडके गोदाम होते. तिथे त्याने छपराला सायकलचे टायर टांगले. ते टायर तोंडात धरून मी लोंबकळायचे. सोडले तर पट्ट्याचा मार. दोन-दोन दिवस उपाशी ठेवून मग कच्चे मांस. आणि प्रत्येक वेळी, टायरवर सोडण्याआधी, तो शिट्टी वाजवायचा. हळूहळू शिट्टी वाजली की माझ्या डोक्यातले सगळे पुसले जाऊ लागले. तुकोजीचे नाव नाही, माझे नाव नाही. उरायचे फक्त तोंडात काहीतरी पकडणे.

मग झुंजी सुरू झाल्या. गोदामात सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनांच्या जुन्या पेट्या गोल मांडायच्या आणि त्यात दोन कुत्रे सोडायचे. सभोवती रिकामे हात घेऊन उभी राहिलेली माणसे. अशी माणसे तेव्हा त्या भागात खूप होती. पहिल्या झुंजीत माझा कान गेला. मला दुखले ते नंतर, पेट्यांबाहेर आल्यावर. आत असताना मी समोरच्याचा पाय धरून ठेवला, हाड करकरेपर्यंत. लोक ओरडत होते, "भोंपू! भोंपू!" खोटे कशाला सांगू, ते ऐकून माझी शेपटी हलली होती.

झुंज पाहायला येणारे लोक साखळ्या, पट्टे, मांसाची पाकिटे घ्यायला आमच्याच दुकानात येऊ लागले. दुकान पुन्हा भरले. आणि रत्नपाल? तो रोज संध्याकाळी माझ्या जखमा कोमट पाण्याने धूत असे. पहिल्या दिवशी तुकोजी म्हणाला, "रस्त्यावरच्या कुत्र्यांशी भिडला साला." रत्नपालने माझ्या फाटलेल्या कानाकडे पाहिले, मग तुकोजीच्या वाकड्या मनगटाकडे पाहिले, आणि तो काही बोलला नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी त्याने विचारलेसुद्धा नाही. नुसता कापूस बुडवत राहिला.

सहाव्या झुंजीला पेट्यांच्या पलीकडे वासुदेव उभा होता. हातात दोरी आणि दोरीला जलेबी.

"दोन मिनिटांचा खेळ आहे, वासुदेव," तुकोजी म्हणत होता. "दोघं दोस्त आहेत. काही होत नाही. थोडं झोंबतील, पब्लिक खूश."

वासुदेवचे मन नव्हते. पण चारी बाजूंनी माणसे त्याला डिवचत होती. "क्या रे, पोहेवाले का कुत्ता पोहाच खातो का?" तो कसनुसा हसला आणि त्याने दोरी सोडली.

जलेबीने मला पाहिले. ती वेढ्याची शेपटी हलवत तो माझ्याकडे आला आणि माझे तोंड हुंगले. त्याच्या मिशांना शेवेचा वास होता. मीही त्याला ओळखले. मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा, की मी त्याला ओळखले होते.

मग शिट्टी वाजली.

पुढचे मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. माझ्या दातांत त्याचा गळा होता. तो आधी भांडलाच नाही, त्याला वाटले मी खेळतो आहे. मग त्याने पाय झाडले. वासुदेव ओरडत होता, "सोडवा! अरे सोडवा ना!" पण गर्दीच्या आवाजात त्याचा आवाज बुडाला. कुणीतरी त्याचे दंड धरून ठेवले होते. तुकोजी माझ्या जबड्यात लाकूड घालून मला ओढत होता, मात्र तोवर जलेबी ढिला पडला होता. माझे तोंड गरम आणि खारट झाले होते.

वासुदेवने खांद्यावरचा गमछा काढून त्यात जलेबीला गुंडाळले. गर्दीने त्याला वाट करून दिली.

त्या रविवारी संबोधीने विचारले, "बाबा, जलेबी का नाही आला?"

"गावाला गेला असेल," रत्नपाल म्हणाला. तेव्हा तो माझ्या गळ्यावरचे आदल्या संध्याकाळचे वाळलेले रक्त पुसत होता, आणि ते माझे नव्हते, हे त्याला दिसत होते. जखमच नव्हती तिथे.

पुढच्या रविवारी मुलांची शर्यत होती. मुलाने आपले कुत्रे दोरीने धरून कडुलिंबाच्या झाडापर्यंत पळायचे. स्मिताबाई नावाच्या शाळेतल्या खेळाच्या बाई हौसेने शर्यत घ्यायला आल्या होत्या. संबोधी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने माझा पट्टा धरला आणि माझ्या अर्ध्या कानात म्हणाली, "भोंपू, आपण जिंकायचं हं!"

स्मिताबाईंनी शिट्टी वाजवली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक?

मी वळलो, आणि जे जवळ होते ते धरले. ते मांस होते, ते हिसके देत होते, आणि मला जे शिकवले होते तेच मी केले. सोडले नाही. संबोधीची किंकाळी मी ऐकली, पण ती फार लांबून आल्यासारखी. माझ्या पाठीवर, डोक्यावर, बरगड्यांवर काठ्या पडू लागल्या. ताडपत्रीचा बांबू माझ्या पाठीवर मोडला. "मार डालो इसको!" कोणीतरी ओरडत होते. शेवटी आनंदरावांनी माझ्या नाकावर ओला टॉवेल घट्ट दाबला, माझा श्वास कोंडला, तेव्हा जबडा सुटला. मग मला दिसले, की रस्त्यावर संबोधी पडली आहे, कोपरापासून मनगटापर्यंत तिचा उजवा हात उघडा पडला आहे, आणि धम्मदीना आपल्या पदराने तो आवळते आहे. ती रडत नव्हती. "रिक्षा," एवढेच ती म्हणत होती. "रिक्षा आणा. रिक्षा."

मला दुकानामागच्या नळाला साखळीने बांधले. माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. ऊन डोक्यावर आले तेव्हा रत्नपाल दवाखान्यातून आला. त्याच्या शर्टावर मुलीचे रक्त वाळले होते. हातात लोखंडी पहार होती. मी शेपटी हलवली. तो माझा माणूस होता.

त्याने पहार उचलली.

"मार," मागून आनंदराव म्हणाले. म्हातारा दाराला टेकून उभा होता. "मार त्याला. पण आधी मला सांग, त्याला हे कुणी शिकवलं?"

"बाबा, तुम्ही बाजूला व्हा."

"मी तीस वर्षं जनावरं शिकवली. शिट्टीवर चावणारा कुत्रा आपोआप होत नाही. कुणी शिकवलं?"

रत्नपालचा हात वरच्या वर थांबला. "तुकोजीनं," तो म्हणाला.

"आणि तुला माहीत नव्हतं?"

नळ टपकत होता. मग रत्नपालने पहार टाकली आणि तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. "माहीत होतं, बाबा," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं माझ्यासाठी हात मोडून घेतला होता. त्याला कोणत्या तोंडानं बोलू? आणि दुकान पण चालून राहिलं होतं." हे शेवटचे वाक्य त्याने इतक्या हळू म्हटले, की ते बहुधा मीच ऐकले.

तो पुन्हा दवाखान्यात गेला. आनंदरावही त्याच्यामागे गेले. त्यानंतर तुकोजी आला. त्याने साखळी सोडली. "तसं पण हे लोक तुला मारतीलच, भोंपू," तो म्हणाला. "एक शेवटची झुंज. देवासहून कुत्रा आलाय. जबान देऊन बसलोय मी." मोडक्या बरगड्यांनी मी त्याच्यामागे चालत गेलो. कुत्रा चालत जातो, मित्रांनो. साखळी ओढणाऱ्याच्या मनात काय आहे, ते तो विचारत नाही.

देवासचा कुत्रा माझ्या दीडपट होता. शिट्टी वाजली आणि त्याने मला खांद्याला धरून जमिनीवर आपटले. मी त्याचा पुढचा पाय पकडला. मला श्वास घेता येत नव्हता. लोक ओरडत होते. आणि अचानक एक माणूस पेट्या ओलांडून आत आला.

रत्नपाल होता. दवाखान्यातून परतल्यावर नळाशी साखळी नाही हे पाहून त्याने ओळखले होते आणि तो तसाच धावत आला होता. त्याने दोन्ही हात आमच्यामध्ये घातले. मी माणूस पाहिला नाही, हात पाहिला. मी तो धरला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे माझ्या दातांत तुटली. त्याने हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने मला छातीशी घट्ट दाबले आणि तो म्हणत राहिला, "भोंपू. भोंपू. मी आहे. मी आहे." देवासचा कुत्रा आता त्याच्या मांडीला लोंबकळत होता.

"हट जा बे!" गर्दी ओरडली. "खेल खराब कर दिया!" पहिला विटेचा तुकडा रत्नपालच्या पाठीत बसला, दुसरा कपाळावर.

तुकोजी पेट्यांबाहेर उभा होता. तोंडातली शिट्टी खाली पडली. मग तो आत उडी मारून आला. देवासच्या कुत्र्याच्या जबड्यात त्याने लाकूड घातले आणि आपल्या वाकड्या हाताने जोर लावून तो उघडला. लोकांनी तुकोजीला तिथेच धरले. ज्यांनी पैजा लावल्या होत्या त्यांनी त्याला साखळ्यांनी मारले. आमच्याच दुकानातून नेलेल्या साखळ्या होत्या त्या. रत्नपाल मला छातीशी धरून तुकोजीवर आडवा पडला, तेव्हा कुठे मार थांबला. दोघेही मारणाऱ्यांना शिव्या देत नव्हते. रत्नपाल फक्त एवढेच म्हणत होता, "बस करा रे. आपलेच आहोत आपण. एकाच गेटचे."

त्यानंतर तुकोजी दुकानात आला नाही. बरा झाल्यावर तो पीथमपूरच्या एका कारखान्यात पहारेकरी झाला असे ऐकले. दुकानातला आपला हिस्सा त्याने मागितला नाही.

संबोधीच्या हाताला अठरा टाके पडले. तिची दोन बोटे अजूनही पूर्ण मिटत नाहीत. ती घरी आली तेव्हा मोहल्ल्यातले लोक दुकान बंद करा म्हणून सांगायला आले होते. रत्नपाल मान खाली घालून ऐकत होता. धम्मदीना आतून आली. म्हणाली, "बंद करायचं तर करू. पण आधी येत्या रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगू. मग लोकांनी ठरवावं."

रविवारी तिने फळीवर स्वतः लिहिले : 'आमचा कुत्रा आमच्या मुलीला चावला. त्याला झुंजीसाठी तयार केले होते. आम्हांला माहीत होते आणि आम्ही गप्प बसलो. दोष कुत्र्याचा नाही. सुई आणि नखे कापणे नेहमीप्रमाणे.' माझ्या तोंडाला जाळी बांधून मला साखळीने पायरीशी बांधले होते. रत्नपाल पट्ट्या बांधलेला हात घेऊन टेबलामागे उभा राहिला. एकही कुत्रे आले नाही. इंदुमतीबाई लिलीला कडेवर घेऊन समोरच्या फुटपाथवरून गेल्या. त्यांनी फळी वाचली आणि त्या काचेच्या दुकानात शिरल्या. दुसरा रविवारही तसाच गेला. तिसराही. डॉक्टर अच्युत मात्र दर वेळी येऊन बसत, चहा पीत, आणि उठून जात.

चौथ्या रविवारी वासुदेव आला.

त्याच्या गमछ्यात काहीतरी हलत होते. तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी जमिनीला चिकटलो. त्याने मला मारावे असे मला वाटत होते. तो कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

"वासुदेव," रत्नपाल म्हणाला. "तुझ्या जलेबीला..."

"दोरी मीच सोडली होती," वासुदेव म्हणाला. "यानं नाही सोडली. मी लोकांच्या हसण्याला भ्यालो." मग त्याने गमछा उघडला. आत काळ्या रंगाचे, महिन्या-दीड महिन्याचे पिल्लू होते. "गाडीखाली येऊन बसून राहिलं आहे चार दिवसांपासून. मी घरी नेणार नव्हतो. डॉक्टरसाहेब, याच्या पोटात जंत आहेत वाटतं."

डॉक्टर अच्युतांनी पिल्लाला टेबलावर ठेवले. ते थरथरत होते आणि निसटू पाहत होते. रत्नपालचा एक हात पट्टीत होता, त्याला ते धरता येईना. तेव्हा दाराच्या आड उभी असलेली संबोधी बाहेर आली. माझ्यापासून लांब, भिंतीला घासत घासत ती टेबलापर्यंत गेली आणि तिने डाव्या हाताने पिल्लाचे पाय धरले.

पुढच्या रविवारी इंदुमतीबाई आल्या. म्हणाल्या, "तिकडं लिलीची सुई कधी आहे ते कुणाला आठवतच नाही." मग आणखी दोघे आले. पूर्वीइतके कधीच आले नाहीत, पण जे आले ते आजपर्यंत येतात. शर्यती पुन्हा झाल्या नाहीत. दुकानाच्या आसपास कुणी शिट्टी वाजवत नाही. एकदा एक गृहस्थ चांगल्या झुंजार जातीचे पिल्लू मागायला आले, तेव्हा रत्नपालने आपला तीन बोटांचा हात त्यांच्यापुढे धरला आणि विचारले, "कुणाशी झुंजायचं आहे?" ते गृहस्थ परत गेले.

मित्रांनो, तुम्हांला वाटत असेल, की संबोधीने मला क्षमा केली असेल. नाही. ती आता मोठी झाली आहे, कॉलेजात जाते. माझे पाण्याचे भांडे ती रोज भरते, आणि काठीने पुढे सरकवते. इतक्या वर्षांत तिने मला पुन्हा हात लावलेला नाही. मी तिची वाट पाहत नाही. तिच्या हाताला जे आठवते, ते विसरायला सांगण्याचा मला हक्क नाही.

तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. कुठे गोल करून माणसे उभी असली आणि मध्ये कुणी मुके जीव एकमेकांना फाडत असले, तर "आपण नुसते बघतो आहोत" असे स्वतःला सांगू नका. त्या वर्तुळात नुसता बघणारा कुणी नसतो. मी आतून पाहिले आहे. आतून सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. आणि ज्याला सगळे ठाऊक असून जो संध्याकाळी नुसत्या जखमा धुतो, त्याचाही चेहरा त्यांतच असतो. घरचे जनावर रक्त घेऊन आले, तर कापूस नंतर बुडवा. आधी विचारा.